१२३४५६७८९ ची कुंडली: मोठा आकडा हातात आला की कुठून सुरू करायचं

बारा कोटी चौतीस लाख छपन्न हजार सातशे एकोणनव्वद. लोक पासवर्ड म्हणून टाकतात तो आकडा, म्हणजे इतका ओळखीचा की त्याच्याकडे कोणी बघतच नाही. पण मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे शोधायचे हे शिकायचं असेल तर याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही, कारण कागद-पेन आणि मोबाईलमधला साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर याचं जवळजवळ सगळं काही बाहेर काढता येतं, आणि मधे एक जागा अशी येते की बरेच जण तिथे कंटाळून सोडून देतात आणि तिथेच खरी मजा आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. संख्येचे मूळ अवयव सापडले की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. किती विभाजक, त्यांची बेरीज किती, दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, हे सगळं अवयवांवरून दोन-दोन मिनिटात निघतं. त्यामुळे उगाच इकडेतिकडे न भटकता आधी अवयव.

आधी शाळेतल्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज १ ते ९ ची बेरीज, म्हणजे ४५. ४५ ला ९ ने भाग जातो म्हणजे संख्येलाही जातो. इथे जरा थांबा, कारण हे फक्त या आकड्यापुरतं नाहीये. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून तुम्ही कशीही मांडणी करा, ३६२८८० मांडण्या होतात, बेरीज सगळ्यांची ४५ च, म्हणजे त्यातली एकही संख्या मूळ असूच शकत नाही. कोणी तुम्हाला ‘नऊही अंक एकदाच येणारी नऊ अंकी मूळ संख्या शोध’ असं कोडं घातलं तर वेळ घालवू नका.

मग २७ ने जातो का? यासाठी तीन-तीन अंकांचे गट करा आणि बेरीज घ्या. १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, परत तेच, १ + ३६८ = ३६९. ही युक्ती चालते कारण ९९९ = २७ × ३७, म्हणजे एकाच बेरजेत २७ आणि ३७ दोघांचा निकाल लागतो. ३६९ ला २७ ने भागलं तर बाकी १८, ३७ ने भागलं तर बाकी ३६. दोन्ही गेले. म्हणजे संख्येत ३ चा घात बरोबर दोन, जास्त नाही.

७, ११ आणि १३ साठी पण तेच गट, फक्त बेरीज-वजाबाकी आलटून पालटून करायची, उजवीकडून: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. कारण १००१ = ७ × ११ × १३. आता भागायची संख्या नऊ अंकी नाही, फक्त ४५६. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १. तिघेही बाद. शाळेत ७ ची कसोटी म्हणून शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची ती पद्धत शिकवतात, मला ती कधीच आवडली नाही, मोठ्या आकड्यात ती संपतच नाही. १००१ वाली घ्या, एका दगडात तीन.

९ ने भागून टाका. १२३४५६७८९ ÷ ९ = १३७१७४२१. आता खरी लढाई या आठ अंकी संख्येशी. अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ संपला.

इथे लोक अडकतात

पुढची सरळ पद्धत म्हणजे मूळ संख्या एकेक घेऊन भागत सुटायचं. १७ ने बाकी २. १९ ने बाकी १०. मग २३, २९, ३१, असं कुठपर्यंत? नियम असा की वर्गमूळापर्यंत. १३७१७४२१ चं वर्गमूळ साधारण ३७०३.७ येतं, म्हणजे ३७०३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या, आणि त्या पाचशेच्या वर आहेत. हाताने पाचशे भागाकार कोण करणार. आणि मधेच कुठेतरी लागेल म्हणून आशेवर बसलात तर इथे ती आशा पण फुकट, कारण पहिला अवयव अगदी टोकाला जाऊन लागतो हे आत्ता दिसेलच.

इथे फ्रान्समधल्या फर्माची युक्ती काढायची. माणूस पेशाने न्यायखात्यातला, गणित हौसेचं. १६४३ सालच्या एका पत्रात त्याने २०२७६५१२८१ चे अवयव ४४०२१ आणि ४६०६१ असे काढून दाखवलेत, कॅल्क्युलेटर सोडा, लॉगॅरिदमचं टेबलही न लागता. युक्ती शाळेतल्या सूत्रावर उभी आहे: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). म्हणजे आपली विषम संख्या दोन वर्गांच्या फरकात मांडता आली की अवयव हातात.

करायचं असं. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेला आकडा स्वतः पूर्ण वर्ग आहे का बघायचं. नसेल तर एकने पुढे.

वर्गमूळ ३७०३.७, म्हणून अ = ३७०४ पासून सुरुवात. ३७०४² = १३७१९६१६. वजा १३७१७४२१, उरले २१९५. पूर्ण वर्ग? ५ ने संपणारा कुठलाही पूर्ण वर्ग २५ नेच संपतो, हा ९५ ने संपतोय, वर्गमूळ काढायचीही गरज नाही, बाद.

अ = ३७०५. ३७०५² = १३७२७०२५. वजा केल्यावर ९६०४. आणि ९६०४ = ९८².

संपलं! दुसऱ्याच फटक्यात. ३७०५ − ९८ = ३६०७, ३७०५ + ९८ = ३८०३. म्हणजे १३७१७४२१ = ३६०७ × ३८०३. भागत बसला असतात तर ३६०७ येईपर्यंत पाचशे पायऱ्या, इथे दोन.

असं का झालं तर दोन्ही अवयव एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, म्हणून ते वर्गमूळाच्या आजूबाजूला घोटाळतायत. फर्मा नेमका तिथूनच शोध सुरू करतो, आणि भागाकाराची पद्धत दुसऱ्या टोकापासून. आजकाल बँकेच्या व्यवहारांना कुलूप लावणाऱ्या आरएसए पद्धतीत दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात, तिथे या दोन संख्या एकमेकींच्या फार जवळ नकोत ही काळजी घ्यावी लागते ती याच कारणाने, नाहीतर पावणेचारशे वर्षं जुनी ही युक्ती कॉम्प्युटरवर लावली की कुलूप उघडलं.

९ न काढता थेट १२३४५६७८९ वर फर्मा लावला असता तर? करून बघा, छान सराव आहे. वर्गमूळ साधारण १११११.११ येतं. तर ११११२ पासून सुरू करायचं. उरतात १९७५५, मग ४१९८०, मग ६४२०७, मग ८६४३६. पहिला ५५ ने संपतो, बाद. दुसऱ्याच्या शेवटी एकच शून्य, पूर्ण वर्गाच्या शेवटी शून्यं जोडीनेच येतात, बाद. तिसरा ७ ने संपतो, वर्ग कधीच २, ३, ७, ८ ने संपत नाही, बाद. चौथा ३६ ने संपतो, शक्यता आहे, आणि खरंच ८६४३६ = २९४². म्हणजे अ = १११११ + ४ = ११११५. ११११५ − २९४ = १०८२१ आणि ११११५ + २९४ = ११४०९. हे एकेका बाजूला तीन-तीन घेऊन बसलेत: १०८२१ = ३ × ३६०७, ११४०९ = ३ × ३८०३. (एक-एक-एक चे आकडे लिहिताना एक १ कमीजास्त होतोच, अंक मोजून लिहा, पाच अंक हवेत.)

आता ३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का हे तपासायचं राहिलं, आणि ही पायरी गाळू नका. ३६०७ साठी ६० पर्यंतच जायचं, म्हणजे ५९ पर्यंतच्या मूळ संख्या. ३८०३ साठी ६१ पर्यंत. ५९ ने ३६०७ भागलं तर बाकी ८, ६१ ने ३८०३ भागलं तर बाकी २१, मधल्याही कोणी पूर्ण भाग देत नाही. दोन्ही मूळ. तर निकाल:

१२३४५६७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

अवयवांवरून पुढचा माल

विभाजक किती? घातांकात एकेक मिळवून गुणायचं: (२+१) × (१+१) × (१+१) = १२. यादीच देतो: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १३७१७४२१, ४११५२२६३ आणि स्वतः. बघा ९ नंतर थेट ३६०७, मधे काहीच नाही. बारा कोटींच्या घरातली संख्या, आणि तिला पूर्ण भाग देणारे तीन अंकी किंवा दोन अंकी आकडे शून्य.

बेरीज हवी असेल तर सगळे मांडून मिळवत बसू नका. ९ चे विभाजक १ + ३ + ९ = १३, मूळ संख्यांचे प्रत्येकी एक जास्त, ३६०८ आणि ३८०४. गुणाकार १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ५४९६६०२७, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहूनही कमी. परिपूर्ण संख्येच्या, म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते तिच्या, जवळपासही नाही (६ कसा, १ + २ + ३ = ६, तसं काही इथे होत नाही).

१ पासून १२३४५६७८९ पर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? गणितज्ञ ऑयलरचं सूत्र (९ साठी ६, बाकी दोन मूळ संख्यांतून एकेक वजा): ६ × ३६०६ × ३८०२ = ८२२६००७२. जवळजवळ दोन तृतीयांश. कारण उघड आहे, तीनच्या पाढ्यातल्या एक तृतीयांश बाद होतात, ३६०७ आणि ३८०३ चे पट इतके विरळ की त्यांनी फारसा फरक पडत नाही. आणि संख्येत २ किंवा ५ नाही म्हणून १ ला हिने भागलं तर दशांशाच्या पहिल्याच अंकापासून आवर्तन सुरू होतं, त्या आवर्तनाची लांबी या ८२२६००७२ ला पूर्ण भाग देणारीच असते.

दोन वर्गांची बेरीज? शेवटचे दोन अंक ८९, ४ ने भागल्यावर बाकी १, त्यामुळे वरवर वाटतं की जमेल. पण नियम असा आहे की ४ ने भागून ३ बाकी उरणारी प्रत्येक मूळ संख्या अवयवांत सम वेळा यायला हवी. ३ दोनदा येतो, ठीक. ३६०७ आणि ३८०३ दोघेही ३ बाकी ठेवतात आणि एकेकदाच येतात. म्हणजे अजिबात नाही. अवयव काढले नसते तर हे कधी कळलं नसतं.

तीन वर्गांची मात्र होते आणि इथे आकडा फारच गोड वागतो. १११११² = १२३४५४३२१. आपल्या संख्येतून वजा करा, उरले २४६८. आणि २४६८ = ३८² + ३२², म्हणजे १४४४ + १०२४. म्हणून १२३४५६७८९ = १११११² + ३८² + ३२². मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा बेरीज केली, खरं वाटेना.

वर्गमूळ १११११.१११ च्या इतकं जवळ का येतं हेही सांगून टाकतो. १० चा दहावा घात घ्या, ८१ ने भागा, येतात १२३४५६७९०.१२३..., आपल्या संख्येहून जेमतेम एक जास्त. आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे १००००० भागिले ९.

द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, पटकन: १११ ०१०१ १०११ ११०० ११०१ ०००१ ०१०१. एकूण २७ अंक, त्यात १६ एक. पडताळायचं तर २ चा २६ वा घात ६७१०८८६४ आणि २७ वा १३४२१७७२८, आपण मधे आहोत, म्हणजे २७ अंक बरोबर.

अंकांचे खेळ, आणि देवळालीचे कापरेकर

हे अवयवांवर अवलंबून नाही, अंकांच्या मांडणीवर आहे. २ ने गुणा: २४६९१३५७८. ४ ने: ४९३८२७१५६. ५ ने: ६१७२८३९४५. ७ ने: ८६४१९७५२३. ८ ने: ९८७६५४३१२. प्रत्येकात १ ते ९ एकेकदाच. ३ ने गुणलं की मात्र ३७०३७०३६७, सगळं बिघडलं, ६ आणि ९ ला पण तसंच. ८ च्या गुणाकारात ९ मिळवा, ९८७६५४३२१, पूर्ण उलटा आकडा. आणि याच्यावरून दोघांचा मसावि फुकटात मिळतो: उलट्याला सुलट्याने भागलं तर बाकी ९, आणि ९ ने सुलट्याला पूर्ण भाग जातो, मसावि ९. दोन ओळीत.

आता नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६). ६१७४ वाले म्हणून सगळ्यांना माहीत. चार अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, चढत्या क्रमाने मांडायचे, वजाबाकी, परत तेच, चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन थांबतं. तीच क्रिया आपल्या आकड्यावर करा: ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२. अंक बघा, परत तेच नऊ! म्हणजे पुढची वजाबाकीही तीच आणि उत्तरही तेच. पहिल्याच फेरीत आकडा मुक्कामाला पोचला.

कापरेकरांच्या हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या. आपली बेरीज ४५, त्यात ५ आला, शेवटचा अंक ९, भाग जात नाही. हर्षद नाही.

त्यांच्या स्वयंभू संख्यांची तपासणी जास्त मजेशीर. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, १५ मध्ये ६ मिळवले की २१, म्हणजे १५ हा २१ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू, जसे २० किंवा ३१. आपल्याला जनक आहे का? प्रत्येक संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावर बाकी सारखीच असते, त्यामुळे जनकाला ९ ने भाग गेलाच पाहिजे, आणि त्याच्या अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६ अशी ७२ पर्यंतच असणार. म्हणजे उमेदवार आठच: १२३४५६ च्या पुढे ७८०, ७७१, ७६२, ७५३, ७४४, ७३५, ७२६, ७१७. गंमत अशी की आठही शेपट्यांची बेरीज १५ आणि पुढच्या १ ते ६ ची २१, म्हणजे सगळ्यांची एकूण ३६. मग ज्यात नेमके ३६ मिळवायचे आहेत तोच चालेल, १२३४५६७५३. त्यात ३६ मिळवा, १२३४५६७८९. जनक एकच, स्वयंभू नाही.

कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटरबद्दल

स्प्रेडशीटमध्ये हे सगळं करत असाल तर पंधरा अंकांपर्यंत बिनधास्त, त्यापुढचे अंक ते गुपचूप शून्य करून टाकतं, आणि मग मूळ नसलेली संख्या मूळ दिसते आणि उलटंही. तिथून पुढे पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरा, त्यात पूर्ण संख्येला अंकांची मर्यादा जवळजवळ नसते. लिनक्स असेल तर फॅक्टर नावाची कमांड आधीच असते, आकडा द्या, अवयव घ्या. पण हाताने एकदा करा मग कमांड चालवा, नाहीतर उत्तर मिळतं आणि कळत काहीच नाही.

आणि फर्मा आवडला म्हणून प्रत्येक ठिकाणी तोच लावू नका. उलटा आकडा घ्या, ९८७६५४३२१. ९ ने भागल्यावर १०९७३९३६९. इथे साधा भागाकार सुरू केलात तर १७ लाच लागतो, आणि परत एकदा १७ ला, उरतात ३७९७२१, जी स्वतः मूळ आहे. सातव्या मूळ संख्येलाच काम फत्ते. फर्मा लावलात तर १०४७६ पासून निघून १९०००५ पर्यंत चालत जावं लागेल, म्हणजे १७९५३० वेळा वर्ग आणि वजाबाकी, कारण २८९ आणि ३७९७२१ एकमेकांपासून कोसभर लांब आहेत. म्हणून मी नवीन आकडा आला की आधी शंभरपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून घेतो, त्या पंचवीसच आहेत, मग फर्माचे दहा-वीस फटके मारतो, आणि तरीही काही हाती नाही लागलं तर मुकाट्याने कमांड.